२००७ची बंदी : शरीर कुठल्या तासाला शिकवायचं?

आमच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, सांगाड्याच्या पायाशी, एक पुठ्ठ्याचं खोकं बरीच वर्षं पडून होतं. वर मार्करने लिहिलेलं : ‘वापरू नये.’ अक्षर आमच्या त्या वेळच्या मुख्याध्यापकांचं. आत शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका आणि टेबलावर तंबूसारखी उभी राहणारी चित्रांची मोठी वही. अशा वहीची रचना ठरलेली असते : चित्र वर्गाकडे, आणि त्या चित्रावर काय बोलायचं तो मजकूर शिक्षकाकडे. शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर २००७ साली महाराष्ट्रात बंदी कशी आली ते मला या वहीवरूनच सांगता येतं. त्या वर्षी जो तो चित्राच्या बाजूने बसला होता.

खोक्यात काय होतं

केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, यांनी २००५ साली किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम सुरू केला. युनिसेफचीही साथ होती. नववी आणि अकरावीच्या मुलामुलींना वर्षात १६ तास द्यायचे होते. वयात येताना शरीरात होणारे बदल, मनाची घालमेल, दोस्तांच्या आग्रहाला नाही कसं म्हणायचं, व्यसनं, एचआयव्ही कशाने पसरतो आणि कशाने पसरत नाही, बाधित माणसाशी कसं वागायचं, असा सगळा ऐवज. चित्रांवर गदारोळ झाला तेवढी पानं यात मोजकीच होती.

पण हा विषय शाळेत आला तो एड्सचा दाखला घेऊन. महाराष्ट्र तेव्हा जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत मोडत होता. त्यामुळे पैसा, साहित्य आणि घाई या तिन्ही गोष्टी आरोग्य खात्याच्या बाजूने आल्या. वर्ग, फळा आणि शिक्षक मात्र शिक्षण खात्याचे. कार्यक्रमाचं अधिकृत नाव कुणाच्याच तोंडी बसलं नाही. स्टाफरूममध्ये काय आणि वर्तमानपत्रात काय, शब्द एकच चालला : लैंगिक शिक्षण. घरी आईबापांच्या कानावर ‘शाळेत आता हे शिकवणार’ असं पडलं, तेव्हा ‘हे’ म्हणजे काय ते त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. आमच्या शाळेत त्या वर्षी दोन पालकसभा झाल्या. एकीत फीची थकबाकी, दुसरीत सायकल स्टँड.

तालुक्याच्या गावी दोन दिवसांचं प्रशिक्षण मीही घेतलं होतं. पहिला दिवस ओळख, चहा आणि आकडेवारीत गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वही उघडली. समोर चाळीसेक शिक्षक, पैकी सात-आठ बाई मागच्या रांगेत. शरीररचनेचं पान आलं तसे मार्गदर्शक म्हणाले, ‘हे तर तुम्हाला माहीतच आहे,’ आणि त्यांनी दोन पानं एकदम उलटली. हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं. शाळेत गेल्यावर आम्ही काय करणार होतो ते तिथेच ठरून गेलं.

बंदी

२००७च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुमारास विधिमंडळात या साहित्यातली चित्रं आणि मजकूर अश्लील असल्याचा आक्षेप निघाला. ओरड दोन्ही बाकांवरून झाली. शालेय शिक्षणमंत्री वसंत पुरके होते, मुख्यमंत्री विलासराव देशमुख. कार्यक्रम थांबवला गेला. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात अशा इतर राज्यांनीही तेच केलं. हा एका पक्षाचा हट्ट होता म्हणावं तर तेही नाही : भोपाळमध्ये भाजप, बंगळुरूत जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजपची आघाडी, आणि मुंबईत काँग्रेसचा मुख्यमंत्री, तर ज्याने कार्यक्रम पाठवला त्या दिल्लीतही काँग्रेसच्याच नेतृत्वाचं सरकार. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या मंडळींचं या एका बाबतीत एकमत झालं.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात सहभागी होती. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही. एक किंवा अधिक प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला सामोरं गेल्याचं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण ५३.२२ टक्के निघालं. अत्याचार करणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले. म्हणजे एकीकडे सभागृहात मुलांच्या निरागसतेची काळजी चाललेली, आणि दुसरीकडे निम्म्याहून जास्त मुलं सांगतायत की आमच्यावर अत्याचार झाला. या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्याचं निदान माझ्या वाचनात तरी आलं नाही.

जुलैत आणखी एक गंमत झाली. मोजणीची पद्धत सुधारल्यावर देशातल्या एचआयव्ही बाधितांचा अंदाज ५० लाखांच्या वरून सुमारे २५ लाखांवर आला. बातमी चांगलीच. पण ज्या भीतीच्या जोरावर खोकी शाळाशाळांत पोहोचली होती तो आकडाच निम्मा झाला, आणि कार्यक्रमाची बाजू घेणाऱ्यांच्या हातात सांगायला दुसरं काही उरलं नाही. वाढत्या वयाच्या मुलाला स्वतःचं शरीर कळायला हवं, एवढं साधं कारण कुणी पहिल्यापासून मांडलंच नव्हतं.

विरोध करणाऱ्यांना सरसकट मागास ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ६५ मुलामुलींचा एकत्र वर्ग, मागच्या बाकावरचे दोघे-तिघे टवाळ, आणि समोर दोन पानं एकदम उलटणारा शिक्षक. अशा ठिकाणी ते मोठं रंगीत चित्र उभं करायचं म्हणजे पुढची पंधरा मिनिटं वर्ग कुणाच्याच ताब्यात नाही. आक्षेप चित्रावर घेतला गेला. तो तयारीवर घ्यायला हवा होता. चित्र काढून टाकता येतं, तयारी करावी लागते. सरकारने सोपं ते केलं.

पुढे नॅकोने साहित्य सुधारलं. काही नागरिकांच्या अर्जावरून प्रकरण राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेलं. एम. व्यंकय्या नायडू अध्यक्ष असलेल्या या समितीने २००९मध्ये अहवाल दिला : शाळांत लैंगिक शिक्षण नको, एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गांचे धडे खालच्या वर्गांतून काढून अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात टाका, आणि मुलांना संदेश द्यायचाच तर लग्नाआधी संबंध नको हा द्या. अकरावीला जीवशास्त्र घेणारी मुलं किती, आणि दहावीनंतर शाळा सुटणाऱ्यांचं काय, हा हिशेब त्यात बसत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस युनेस्कोने आपली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यासाठी जगभरातले ८७ अभ्यास तपासले होते. असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यांत आढळलं नाही. काही ठिकाणी उलट उशीर झाला. आपल्याकडच्या वादात मात्र ‘शिकवलं तर मुलं करून पाहतील’ हे गृहीतच धरलेलं होतं.

बुटांचं खोकं

बंदीची बातमी यायच्या आधी आमच्या शाळेत दोन तास झाले होते. हस्तपुस्तिकेत प्रश्नपेटीची कल्पना होती : मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या, शिक्षकाने पुढच्या तासाला उत्तरं द्यायची. आम्ही बुटांच्या खोक्याला फट पाडली आणि ते ग्रंथालयाच्या दाराशी ठेवलं. आठवड्याने उघडलं तर तीसेक चिठ्ठ्या. मी आणि मराठीच्या बाई, दोघं वाचायला बसलो. आमची धास्ती होती ती वाह्यात प्रश्नांची. तसले तीन निघाले.

बाकीचे असे : ‘स्वप्नदोषाने ताकद जाते का? किती दिवसांत मरतो?’ ‘माझ्या छातीत गाठ आली आहे, मी मुलगा आहे, कॅन्सर असेल का?’ ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? मी लावून पाहिला, नाही नासलं, पण आईला सांगितलं नाही.’ (ही चिठ्ठी वाचून बाई इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो, इतका चोख प्रयोग माझ्या वर्गात त्या वर्षी दुसरा झाला नाही.) ‘उंची कशाने वाढते’ असे पाच.

आणि वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर पेन्सिलने एक : ‘मामा राहायला आले की मला आवडत नाही. काय करू.’ प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

बाईंनी पुढचे चार दिवस वह्या तपासायच्या निमित्ताने मुलींची अक्षरं पाहिली. मला वाटलं होतं मुलगीच असणार. ते तरी कशावरून, हे आता वाटतं. मग बंदीची बातमी आली, मुख्याध्यापकांनी दोन्ही खोकी मागवून घेतली आणि वर मार्करने लिहिलं. अक्षर सापडलं नाही.

‘आवडत नाही’

त्या चिठ्ठीकडे मी नंतर पुष्कळदा वळलो, ते त्यातल्या क्रियापदासाठी. त्या मुलाकडे किंवा मुलीकडे घडलेल्या गोष्टीसाठी तेवढाच शब्द होता. भेंडी आवडत नाही, भूगोल आवडत नाही, मामा आवडत नाही.

आपल्या भाषेत शरीराच्या या भागांना दोनच प्रकारची नावं. एक पुस्तकातली : शिश्न, वृषण, योनी. ती मोठ्याने उच्चारताना शिक्षकाचाच आवाज बदलतो. दुसरी नाक्यावरची, शिवीतली. मधला मजला बांधलेलाच नाही. तिथे ‘शूची जागा’, ‘गुप्तांग’, ‘खालचं’ अशा ताडपत्र्या. पाळीला कावळा शिवतो, बाहेर बसतात, ‘अडचण’ येते. मुलग्यांच्या बाबतीत तर शब्दच निकाल देऊन ठेवतो : स्वप्न-दोष. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या शरीरात नेमाने घडणारी गोष्ट, आणि तिच्या नावातच दोष. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या वैद्यांच्या जाहिराती याच एका शब्दावर पोट भरतात.

मराठीला हे जमणारच नव्हतं असंही नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेऊन. २६ वर्षं दरमहा या विषयावर सरळ मराठीत लिहिणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. त्याचं गद्य शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचलं नाही एवढंच.

आणि शब्द नसण्याची किंमत कायद्याच्या दारात मोजावी लागते. २०१२ साली पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा आला. त्यात मुलाचा जबाब महत्त्वाचा, आणि जबाब म्हणजे कुठे, काय, कसं. ज्या मुलाला घरात आणि शाळेत त्या जागेचं नावच मिळालेलं नाही, त्याने ते पोलिसांना कुठल्या शब्दांत सांगायचं? वरून याच कायद्याने शिक्षकाची जागाही बदलली. अत्याचाराची माहिती कळली आणि कळवली नाही तर तो गुन्हा. संमतीचं वय १६ वरून १८ झालं. ती पेन्सिलची चिठ्ठी आज आली असती तर आम्हाला हालचाल करावीच लागली असती, आणि ते योग्यच. पण प्रेमात पडलेल्या अकरावीतल्या मुलीची चिठ्ठी आली तर? विश्वासाने विचारणारं मूल आणि कळवायला बांधलेला शिक्षक, यांच्यामध्ये ती प्रश्नपेटी ठेवायची आहे. प्रशिक्षणात या पेचावर अर्धा दिवस तरी दिला पाहिजे. मला दिसतात ती प्रशिक्षणं कायद्याची कलमं वाचून संपतात.

तुकडे

बंदीनंतर विषय संपला असं मात्र झालं नाही. तो तुकड्यांनी परत आला, दर वेळी नाव बदलून. आठवड्याला एक निळी लोहाची गोळी आली. तिची नोंद आरोग्याच्या रजिस्टरमध्ये. २०१८मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींसाठी स्वस्त पॅड आले. त्यांचा हिशेब बचत गटांकडे. मीना-राजू मंच, म्हणजे शाळेतल्या मुलामुलींचा गट, आला. २०२२मध्ये शासन निर्णयाने शाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. बदलापूरला ऑगस्ट २०२४मध्ये दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड होऊन लोक रुळांवर उतरले, तेव्हा कित्येक शाळांना आपल्याकडे अशी समिती असायला हवी याची आठवण झाली. मग ‘गुड टच, बॅड टच’चे तक्ते भिंतीवर चढले.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तिसरा धडा आहे, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’. मानवी प्रजनन संस्था, मासिक पाळी, जुळी कशी होतात, टेस्ट ट्यूब बेबी, लैंगिक आरोग्य, सगळं छापलेलं, आकृत्यांसह. नववा धडा ‘सामाजिक आरोग्य’ : ताण, व्यसनं, मोबाइल, सायबर गुन्हे. २००७च्या खोक्यातलं पुष्कळसं आज अभ्यासक्रमात आहे, आणि त्यावर बोर्डात प्रश्न येतो म्हणून कुणाचा आक्षेप नाही! आक्षेप नाही याचं दुसरंही कारण आहे : तिसरा धडा बऱ्याच वर्गांत ‘घरून वाचून या’ असाच होतो.

तुकड्यांमुळे एक झालं, कुणी विरोध करेल एवढी मोठी गोष्ट कधी समोर उभीच राहिली नाही. हे शहाणपण म्हणा किंवा चलाखी. पण गोळी देणाऱ्या ताईंना पाळी जास्त जाते का हे विचारायला सांगितलेलं नाही, पॅड वाटणाऱ्याला गोळीचं ठाऊक नाही, स्पर्शाचा तक्ता लावणारा मुलग्यांशी बोलत नाही. एकाच मुलीचं शरीर पाच रजिस्टरांत विभागलेलं. आणि मुलगे? पॅडवाले आले की त्यांना मैदानावर सोडतात.

दुसऱ्या वाटा

वेगळं करता आलं असतं का, याला एक उत्तर झारखंडात आहे. तिथल्या शिक्षण खात्याने २००६पासून ‘उडान’ नावाने हाच विषय शाळांत आणला, एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने. आजूबाजूला बंदीची लाट असताना तो टिकला. माझ्या मते कळीचा फरक मालकीचा. तिथे ते दिल्लीहून आलेलं खोकं नव्हतं, खात्याचं स्वतःचं काम होतं. नावातही कुणाला खटकावं असं काही नव्हतं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाल-अश्लीलतेच्या एका खटल्यात निकाल देताना सर्वंकष लैंगिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि उदाहरण म्हणून ‘उडान’चं नाव घेतलं.

दुसरं उत्तर तर घरातलंच. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ साली ती छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आधी बायकांचं ऐकलं, मग मोजलं, त्यानंतर मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ शिबिरं उभी राहिली. मी एक पाहिलं आहे. तिथे डॉक्टर अवयवाचं नाव उच्चारतात ते कोपर म्हणावं तितक्या सहज, आणि पहिल्या अर्ध्या तासानंतर कुणी हसत नाही. शब्द नव्हेत, आवाज कमी पडत होता, हे मला तिथे कळलं. पण ते शिबिर. शाळेत तो आवाज रोजच्या शिक्षकाचा हवा, जो दुसऱ्या तासाला गृहपाठ न केल्याबद्दल रागावणार असतो.

फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने आयुष्मान भारतखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आणला. ११ विषय : वाढ, मन, नाती, लिंगसमभाव, आहार, व्यसनं, प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा वापर वगैरे. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत, शक्यतो एक पुरुष एक स्त्री. आठवड्यातून एक तास, मंगळवार. कागदावर हा २००७च्या खोक्यापेक्षा कितीतरी पूर्ण आहे, आणि या वेळी दाखला रोगाचा नाही. लगेच मार्चमध्ये शाळा बंद झाल्या हे त्याचं नशीब.

निवृत्तीनंतर मी क्वचित शाळेत जातो. गेल्या खेपेला कपाट साफ चाललं होतं. विज्ञानाच्या नव्या बाई, वय तिशीच्या आत, त्याच आता आरोग्यदूत. जुनं खोकं त्यांनी उघडलं, वही टेबलावर उभी केली आणि चित्रांकडे न पाहता मागच्या बाजूला जाऊन मजकूर वाचत बसल्या. कागद पिवळा पडला होता, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. मी विचारलं, मंगळवारचा तास मिळतो का? मिळतो म्हणाल्या, शेवटचा, पीटीचा. मुली हॉलमध्ये, मुलगे मैदानावर. घटक चाचणी झाली की मुलग्यांनाही आत बसवायचं ठरवलंय, मुख्याध्यापकांशी बोलून झालंय, पालकसभेची तारीख तेवढी बाकी आहे.

मग त्यांनी शिपायाकडे कटर मागितला. टेबलाखाली बुटांचं नवं खोकं होतं.